स्वस्त विम्याचा अन्वय

पस्तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. 'अर्थ सांगण्यापूर्वीं अन्वय लावा, एकही पद सोडूं नका,' हें आमचें पालुपद विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं ऐकलें. अशा गृहस्थानें स्वतःच्या घरच्या कागदांतलें एक वाक्य सोडून द्यावें आणि त्याचें प्रायश्चित्त हजारों रुपयांचें व्हावें, हें सांगावयास संकोच वाटतो. तथापि आमच्यासारखींच एकत्र कुटुंबें चालविणाऱ्या वाचकांस या गोष्टीचा कांहीं उपयोग होईल, या भरंवशावर लिहीत आहों.

आमचें घर अकरा माणसांचें. वृद्ध मातोश्री, आम्ही उभयतां, धाकटे बंधू व त्यांचें कुटुंब, दोन चिरंजीव, दोन सुना आणि दोन नातवंडें. २०२२ सालीं आम्हीं आम्हां उभयतांसाठीं तीन लाखांचा आरोग्य-विमा घेतला. चार माहितीपत्रकें पुढें मांडलीं व ज्याचा हप्ता सर्वांत कमी, त्यावर बोट ठेवलें. वर्षाकाठीं अडीच हजार रुपये वांचत होते. थोरल्या सूनबाई हिशेबांत हुषार. त्या म्हणाल्या, "मामंजी, यांत खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे, ती पाहिलीत का?" आम्हीं हंसून उत्तर दिलें, "सूनबाई, आम्हांस काय हवापालटासाठीं इस्पितळांत जावयाचें आहे?" सूनबाई गप्प राहिल्या. विम्याचा कागद कपाटांत गेला.

२०२५ सालीं मंडळींच्या पित्ताशयांत खडे निघाले व शस्त्रक्रिया ठरली. अशा विकारांसाठीं कागदांत घातलेली दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती. म्हणून आम्ही निर्धास्त होतों. मंडळींस परक्या माणसांत झोंप येत नाहीं; सबब रोज सहा हजार भाड्याची स्वतंत्र खोली घेतली. विम्यांत रोजची मर्यादा तीन हजारांची. चार दिवसांचे वरचे बारा हजार आपण भरूं, असा आमचा सरळ त्रैराशिकाचा हिशेब.

प्रत्यक्षांत झालें निराळेंच. बिल दीड लाखांचें: खोली २४,०००, शस्त्रवैद्य, भूल व शस्त्रक्रियागृह मिळून ९६,०००, औषधें व तपासण्या ३०,०००. कागदांत लिहिलें होतें कीं, मर्यादेपेक्षां महाग खोली घेतल्यास तिच्याशीं संलग्न असलेले खर्चही त्याच प्रमाणांत कापले जातील. आमची खोली मर्यादेच्या दुप्पट. म्हणून खोलीचे व शस्त्रक्रियेचे निम्मेच पैसे मिळाले. औषधें व तपासण्या तेवढ्या या कात्रींतून सुटल्या. कंपनीनें ९०,००० दिले. ६०,००० आम्हीं भरले. तीन वर्षांत हप्त्यांत वांचविले साडेसात हजार!

दोष कोणास द्यावा? वाक्य तेथें होतें, वाचणारा नव्हता. सूनबाईंनीं त्या दिवशीं एका शब्दानेंही जुनी आठवण काढली नाहीं. त्यांचें तें मौन आम्हांस बिलापेक्षां जड गेलें.

त्यानंतर घरच्या सगळ्या विम्यांची फेरमांडणी आम्हीं सूनबाईंवरच सोंपविली. त्यांनीं केलेला विचार असा. स्वयंपाकघर एक असलें तरी विमा एकच असावा असें नाहीं. कुटुंबाच्या सामाईक विम्याचा हप्ता बहुधा घरांतील सर्वांत वडील माणसाच्या वयावर ठरतो. म्हणून तरुण जोडप्यांचा व मुलांचा विमा निराळा, वडीलधाऱ्यांचा निराळा. तरुणांना पांच लाखांचा मूळ विमा, आणि वर्षभरांतला खर्च पांच लाखांवर गेल्यास वरचा भाग उचलणारा 'सुपर टॉप-अप' पूरक विमा. असा पूरक विमा मूळ रक्कम वाढविण्यापेक्षां पुष्कळ स्वस्त पडतो. सप्टेंबर २०२५ मध्यें वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य-विम्यावरील १८ टक्के कर उठला, तोही भार हलका झाला. मातोश्रींसाठीं हप्ता भरावाच लागला नाहीं. सत्तरी गांठलेल्या सर्वांस, उत्पन्न कितीही असो, २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत योजनेंत वर्षाला पांच लाखांपर्यंत उपचारांची सोय झाली आहे. मात्र आपल्या गांवचें कोणतें इस्पितळ त्या यादींत आहे, हें आजारापूर्वींच पाहून ठेवावें.

एक प्रसंग मात्र आमच्यासमोरच घडला. बंधूंस मधुमेह आहे. अर्ज भरतांना विमा-प्रतिनिधी म्हणाला, "तेवढें लिहूं नका; हप्ता कमी बसेल." बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही म्हणालों, "बापू, खरें तें लिही." हप्ता वाढला, आणि मधुमेहासाठीं तीन वर्षें थांबणें आलें. २०२४ च्या नियमांप्रमाणें पूर्वींच्या आजारासाठीं याहून अधिक काळ थांबवितां येत नाहीं. पण लपविलेला आजार इस्पितळाच्या कागदांत उघडा पडला म्हणजे ऐन वेळीं विमाच नाकारला जाण्याचें भय. मग आजवर भरलेला हप्ता कोणत्या कामाचा? कमी हप्त्याच्या मोहाची किंमत आम्हीं एकदां मोजली होती. ती बंधूंस मोजावी लागूं नये, एवढीच इच्छा.

वाचकहो, विमा स्वस्त असावा, हें खरेंच. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरास दुसरें काय परवडणार? परंतु स्वस्ताई हप्त्याच्या आंकड्यांत शोधूं नये. संकटाच्या दिवशीं आपल्या पदरचें किती जाईल, त्यांत शोधावी. खोलीची मर्यादा, आपण सोसावयाचा टक्का, थांबण्याची मुदत आणि जवळचें इस्पितळ, एवढीं चार पदें तरी सोडूं नयेत. वर्षभराचा नवा विमा हातीं आल्यावर तो वाचून न पटल्यास परत करावयास आतां तीस दिवसांची मुदत मिळते. तेवढ्या दिवसांत कागद कपाटाबाहेर राहूं द्यावा.

आमच्या घरीं आतां नूतनीकरणाच्या आधींच्या रविवारीं जेवणें आटोपलीं कीं सगळे माजघरांत बसतात. सूनबाई वाचतात, आणि आम्ही विद्यार्थ्यासारखे ऐकतों. मध्येंच एखादें कलम कळलें नाहीं, तर निमूटपणें हात वर करतों.