ज्येष्ठातच उरकायचे काम

मृग नक्षत्र लागले की आंदर मावळातल्या जुन्या घरांच्या जोत्यांतून मुंग्यांची रांग वर चढू लागते. तोंडात पांढरे कण धरून त्या घाईघाईने उंच जागा शोधतात. आपण त्या कणांना सरसकट अंडी म्हणतो; त्यांत पुष्कळदा अळ्या आणि कोशही असतात. मुंग्यांनी असे बिऱ्हाड हलवणे हे जवळ आलेल्या पावसाचे लक्षण आहे, अशी नोंद सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत केली आहे. आमच्या टाकवे बुद्रुकच्या घरात हे ज्ञान कोणी पुस्तकातून मिळवले नव्हते. आजेसासूबाई कोनाड्यापाशी उभ्या राहून रांग पाहत आणि दुकानातल्या गुळाच्या ढेपा फळीवर चढवायला सांगत.

इथल्या पावसाविषयी बाहेरच्या वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. शेजारच्या लोणावळ्यात कित्येक वर्षी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ठोकरवाडी धरणात साठलेले पाणी १९२२ पासून भिवपुरीला उतरून वीज निर्माण करते. वडेश्वर, माऊ, डाहुली, खांडी या भागांत भाताची खाचरे महिनोन्‌महिने तुडुंब असतात. जमिनीतल्या बिळात पाणी शिरले की मुंगीला दोनच वाटा उरतात, बुडणे किंवा माणसाच्या घरात येणे. ती आपल्या घरी चोरी करायला येत नाही, आसरा शोधत येते. साखरेचा डबा तिला नंतर सापडतो.

म्हणूनच मुंग्या घालवण्याचा विचार मुंग्या दिसल्यावर करणे हा माझ्या मते उलटा क्रम आहे. आषाढात रांग लागली की हातात फारसे मार्ग उरत नाहीत. घाई होते आणि घाईत हात विषाच्या पुडीकडे वळतो. चातुर्मासात आपण हिरवी भाजी सोडतो, प्रवास आवरतो, आणि त्याच दिवसांत ओट्यावरून शेकडो जीव ओल्या फडक्याने पुसून मोरीत सोडतो. ही विसंगती टाळायची असेल तर घराने आपले काम ज्येष्ठातच उरकायला हवे. जयणा म्हणजे समोर आलेल्या जीवावर दया, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. जीव पायाखाली येण्याचा प्रसंगच कमी व्हावा यासाठी आधी केलेली राखण हा तिचा मोठा भाग आहे. सामायिकाच्या आरंभी आपण जे इरियावहियं सूत्र म्हणतो त्यात ‘उत्तिंग’ हा शब्द येतो. टीकाकारांनी त्याचा एक अर्थ मुंग्यांची बिळे असा दिला आहे. हा शब्द कित्येक वर्षे माझ्या तोंडून नुसताच जात असे. अर्थ कळल्यापासून मात्र तो म्हणताना नजर जोत्याकडे जाते.

शास्त्रात मुंगी तेइंद्रिय सांगितली आहे. स्पर्श, चव आणि गंध ही तिची तीन इंद्रिये. आजचे प्राणिशास्त्र बहुतेक मुंग्यांना डोळेही असतात असे सांगते, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण अंधाऱ्या भिंतीतला तिचा सगळा कारभार गंधावर चालतो हे दोन्हीकडे मान्य व्हावे. अन्न सापडलेली मुंगी परतताना पोट जमिनीला टेकवत जाते आणि वासाची सूक्ष्म रेघ मागे ठेवते. दुसरी त्या रेघेवरून येते, तीही परतताना ती रेघ गडद करते. अन्न संपले की कोणी नवी रेघ ओढत नाही आणि जुनी हळूहळू विरून जाते. गृहिणीच्या उपयोगाची सगळी गुरुकिल्ली एवढ्यात आहे. प्रथम अन्न हलवायचे, मग मुंग्यांना परत जाऊ द्यायचे आणि वाट मोकळी झाल्यावर साबणाच्या पाण्याने पुसायची. पहिली पायरी सोडून तिसरी केली तर हिंसा होते आणि उपयोगही होत नाही, कारण डबा तिथेच असतो.

डब्यातच मुंग्या शिरल्या असतील तर आमच्याकडे तो परातीत ठेवून कोवळ्या उन्हात पडवीच्या कडेला नेतात. ऊन लागले की त्या आपण होऊन सावलीकडे निघतात. पावसात ऊन नसते; तेव्हा झाकणाच्या आत लवंगा ठेवून झाकण थोडे तिरके लावतात आणि वाट पाहतात. पुंजणीने अलगद कागदावर घेणे हा शेवटचा उपाय. मुंगीचे पाय फार नाजूक असतात आणि पुंजणी धरणाऱ्या हाताला घाई चालत नाही.

ज्येष्ठातल्या कामांत सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत फळ देणारे काम म्हणजे फटी बुजवणे. जोते आणि भिंत जिथे मिळतात तिथे, खिडकीच्या चौकटीभोवती, नळ भिंतीत शिरतो त्या जागी. जुन्या भिंतींना चुना, नव्यांना सिमेंट. यात एक पथ्य आहे: ज्या फटीतून ये-जा चालू आहे ती बुजवायची नाही. आत राहिलेले जीव कोंडले जातात. दोन-तीन दिवस लक्ष ठेवावे, ये-जा थांबल्याची खात्री करावी, मगच चुना भरावा. गवंड्याला हे समजावणे अवघड जाते. तो म्हणतो, “वहिनी, मुंग्यांसाठी काम थांबवू का?” होय, थांबवावे लागते, आणि त्या दिवसाची मजुरीही द्यावी लागते.

दुधाच्या भांड्याखाली पाण्याची परात ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. मला ती पसंत नाही. पाण्यात मुंग्या बुडून मरतात आणि साचलेल्या पाण्यात नवे जीव होतात. त्यापेक्षा आढ्याला टांगलेले शिंके चांगले. आता स्वयंपाकघरात शिंके लावायला कोणी तयार नसते. मग घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे आणि फ्रिज यांनी ते काम भागते. हळदीची रेघ कोरड्या महिन्यांत थोडी उपयोगी पडते, पण आमच्याकडच्या श्रावणात हळद तासाभरात ओली होऊन चिकटते आणि मुंगी तिच्यावरून खुशाल चालत जाते. गव्हाला एरंडेल चोळणे आणि कडधान्यात चाळलेली राख घालणे या जुन्या रीतींनी धान्यात कीड होत नाही, म्हणजे पुढे ती निवडून टाकण्याची वेळच येत नाही. गुजरातेतल्या जुन्या पांजरपोळांत धान्यातल्या किड्यांसाठी जीवातखाना नावाची वेगळी खोली असे. घरोघरी तसे करणे शक्य नाही, तेव्हा कीड होऊ न देणे हेच आपल्या आवाक्यातले.

चौविहार पाळणाऱ्या घराला एक फायदा आपोआप मिळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली, भांडी घासली गेली, ओटा कोरडा झाला की रात्री मुंगीला शोधण्यासारखे काही उरत नाही. आमच्या घरात मुले मोठी होऊन रात्री उशिरा बिस्किटे खाऊ लागली त्या वर्षापासून पलंगाखाली रांगा दिसू लागल्या. याहून अधिक काही बोलत नाही.

मारवाडातून आलेल्या घरांत कीडीनगरा सिंचण्याची चाल आहे. पीठ, तूप आणि साखर एकत्र करून बिळाच्या तोंडाशी घालायचे. आजेसासूबाई ते भक्तीने करत. पण मारवाडची कोरडी रीत मावळच्या पावसाला जशीच्या तशी बसत नाही. आषाढात घातलेल्या पिठाचा लगदा होतो, त्याला बुरशी धरते आणि पुण्याच्या जागी पाप पदरी पडते. आम्ही आता ते फाल्गुन ते वैशाख एवढेच करतो, तेही घरापासून लांब, वडाच्या मुळाशी. उंबऱ्यापाशी साखर सांडायची आणि मुंग्या आत आल्या म्हणून कुरकुर करायची, हा दानाचा प्रकार मला कधी समजला नाही.

इथवरचे सगळे घरातले झाले. आमचा खरा पेच दुकानात होता. किराणा दुकानात पावसाळ्यात सर्वांत भराभर खपणाऱ्या वस्तूंत मुंग्यांची पावडर आणि खडू असतात. तो खडू दिसायला शाळेतल्या खडूसारखा, पण त्यात कीटकनाशक मिसळलेले असते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य सांगितले आहे; उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या कथेत ती यादी येते. घरात पुंजणी आणि गल्ल्यावर पावडर, हे मामंजींना सोसेना. त्यांनी एका आषाढात तो माल घेणे बंद केले. माझ्या यजमानांचे म्हणणे व्यवहाराचे होते: आपण नाही दिले तर गिऱ्हाईक कान्हे फाट्यावरून घेईल, मुंगी मरायची ती मरणारच आणि गिऱ्हाईकही जाईल. मामंजी म्हणाले, “जाईल. मी काय विकतो एवढेच माझ्या वहीत लिहिलेले असते.”

दोघांचेही पटण्यासारखे होते. पण त्याच पावसाळ्यात डाहुलीकडची एक लेकुरवाळी बाई भिजत आली. तान्ह्याच्या पाळण्यात लाल मुंग्या चढत होत्या, मुलाच्या मानेवर गांधी उठल्या होत्या. तिला पावडर हवी होती आणि फाट्यापर्यंत जायला तिच्याकडे ना वेळ होता ना एसटी. “आम्ही ठेवत नाही” एवढे सांगून तिला परत पाठवणे हा धर्म होत नाही, हे गल्ल्यावर बसलेल्या मामंजींना माझ्याआधी उमगले. त्यांनी तिला बसवले आणि मला आतून हाक मारली. पाळणा दोरीने तुळईला टांगलेला, म्हणजे मुंग्या दोरीवरूनच उतरत असणार. कडुनिंबाच्या तेलात भिजवलेली चिंधी दोरीला वरच्या बाजूला घट्ट बांधायची, ती मुलाच्या हाताला लागू द्यायची नाही, आणि दुधाचे डाग पडलेली दुपटी रोज बदलून धुवायची, असे मी तिला सांगितले. तेल आणि साबणाची वडी मामंजींनी दिली. पावडर दिली असती तर तिने ती पाळण्याभोवतीच टाकली असती, आणि विष तान्ह्याच्या अंगाखाली गेले असते.

विषाबद्दल आणखी एक व्यावहारिक गोष्ट आमच्या मंडळींना पटवायला उपयोगी पडली. घरात जी अगदी बारीक पिवळसर मुंगी असते तिला लिनियसने १७५८ साली इजिप्तच्या फॅरो राजांवरून नाव दिले. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. औषध फवारले की वसाहत फुटते, राण्या आपापला जथा घेऊन वेगवेगळ्या भिंतींत पांगतात आणि एका रांगेच्या जागी चार रांगा होतात. आपल्याला दिसतात त्या अन्न शोधायला निघालेल्या थोड्या मुंग्या. बाकीचा संसार आतच असतो. यजमानांनी हे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे लोक पुन्हा पुन्हा पावडर घेतात ते यामुळे.” व्यापाऱ्याच्या मनात पहिला विचार कोणता आला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले, त्यांनाही हसू आवरले नाही.

पावडर अजूनही ठेवत नाही. काही गिऱ्हाईक गेले, ते खरेच गेले. त्या फळीवर आता कडुनिंबाच्या तेलाच्या बाटल्या असतात आणि मामंजी त्या खरेदीच्या भावानेच देतात, यावर घरात अजून वाद आहे. डाहुलीची ती बाई पोळ्याच्या आधी गूळ घ्यायला आली तेव्हा कडेवर मूल होते. मान स्वच्छ होती. गूळ बांधून घेताना तिने आणखी एक बाटली मागितली, जावेच्या घरासाठी.