एकटीचा प्रवास आणि पाचवे शील

आजकाल वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या उघडल्या की दोन गोष्टींची फार चर्चा वाचायला मिळते. एक म्हणजे बिनदारूची पेये आणि दुसरी म्हणजे एकट्याने करायचा प्रवास. शहरातली तरुण मंडळी आता दारू नको म्हणतात, पार्टीत ‘झीरो’ बिअर मागवतात, मुली पाठीवर पिशवी टाकून एकट्याच फिरायला निघतात. ही नवी फॅशन आहे, असा त्या लेखांचा सूर असतो. चांगली गोष्ट आहे. परंतु नंदुरबारसारख्या जिल्ह्यात कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्या बाईला या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटत नाहीत. दारूचा आणि बाईच्या प्रवासाचा संबंध आम्ही एस.टी.च्या बाकावर बसून शिकलो आहोत.

मी बी.कॉम.ला असताना परीक्षेचे केंद्र दुसऱ्या गावी होते. मुलीने एकटीने जायचे नाही, हा घरचा नियम. म्हणून नात्यातले एक काका सोबतीला येत. स्टँडवर उतरले की, “तू पेपर दे, मी इथेच आहे,” म्हणायचे आणि संध्याकाळी झुलत यायचे. परतीच्या बसमध्ये त्यांना सावरायचे, कंडक्टरची बोलणी ऐकायची, तिकिटाचे पैसे सकाळीच आपल्याजवळ काढून ठेवायचे, ही सारी कामे माझी. शेजारची बाई विचारायची, “बरोबर कोण आहे गं?” मी काकांकडे बोट दाखवायची आणि ती गप्प बसायची. शेवटच्या पेपरच्या आदल्या रात्री आई म्हणाली, “उद्या तू एकटीच जा. जास्त सुखरूप येशील.” आमच्या घरात बाईच्या एकट्या प्रवासाची सुरुवात अशी झाली. त्यात फॅशन काही नव्हती.

दारू सोडण्याचा विचारही आपल्याकडे कोणत्या पुरवणीतून आलेला नाही. १९२२ साली दक्षिण गुजरातेत आदिवासींमध्ये देवीची चळवळ उठली आणि तिचे वारे तेव्हाच्या पश्चिम खानदेशापर्यंत, म्हणजे आपल्या भागापर्यंत आले. दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, असा तिचा उपदेश होता. दारूचे पीठे चालवणारा आणि सावकारी करणारा बहुधा एकच असे. म्हणून पेला खाली ठेवणे म्हणजे त्याच्या वहीतून आपले नाव खोडणे होते. पुढे १९३० नंतरच्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी हाच विचार गावोगाव नेला. १९७२ मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. त्या सुमारास तिथल्या आदिवासी बाया घोळक्याने गावोगाव फिरल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. नवऱ्याचा मार आणि उपाशी मूल या दोन्हींचे मूळ त्यांना त्या मडक्यात दिसले होते. या बायांना कोणी ‘ट्रेंड’ म्हटले नाही, पण बिनदारूच्या आयुष्याची मागणी आपल्या जिल्ह्यात त्यांनीच मोठ्या आवाजात केली.

आपल्या समाजाला तर हे पंचशीलातच मिळाले आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद झाली. तिथे परमपूज्य बाबासाहेबांनी भगिनींना स्वच्छ राहण्याचा, दुर्गुणांपासून दूर राहण्याचा आणि मुलांना शिकवण्याचा उपदेश केला. पाचव्या शीलात मद्य टाळायला सांगताना कारणही सांगितले आहे. मद्याने माणूस बेसावध होतो, हे ते कारण. मला हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. बेसावध पुरुष शेजारी बसला की प्रवासातल्या बाईला दुप्पट सावध राहावे लागते.

आता अलीकडचा बदल पाहू. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. त्याआधी, २६ ऑगस्ट २०२२ पासून, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास सुरू झाला होता. याचा परिणाम मी रोज पाहते. पूर्वी घरात एका तिकिटाचे पैसे असले की प्रवास पुरुषाचा. आता चांदसैली घाट उतरून तळोद्याला दवाखान्यात येणारी, शहाद्याला बचत गटाच्या बैठकीला जाणारी बाई एकटी दिसते. नवापूरच्या पुढे सुरतकडे निघाले, तर राज्याची हद्द ओलांडल्यावर तिकीट पूर्ण पडते, एवढा हिशेबही आता आमच्या बायांना पाठ आहे.

मी स्वतः गेल्या हिवाळ्यात एकटी अजिंठ्याला जाऊन आले. रेल्वेने जळगाव आणि पुढे एस.टी.चे अर्धे तिकीट. बसमधल्या एका आजींनी विचारले, “एकटीच का गं बाई? घरी काही भांडण?” मी म्हटले, “नाही आजी, लेणी बघायला चालले.” त्यांनी मला नीट न्याहाळले आणि पदराच्या गाठीतली बडीशेप काढून हातावर ठेवली. बाई विनाकारण, केवळ पाहण्यासाठी घराबाहेर पडते, हे पचायला अजून वेळ लागेल. पण पचते आहे.

पेयांचे मात्र थोडे तपासून घ्यावे लागेल. आपल्या वस्तीतल्या लग्नांत पूर्वी मांडवामागे बाटली फिरायची. आता दारातच वऱ्हाडाला सरबत किंवा गोटी सोडा मिळतो, हे स्वागतार्ह आहे. परवा एका लग्नात माझा भाचा ‘झीरो’ बिअरचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, “मावशी, यात दारू नाही, शील मोडत नाही.” मी त्याला सांगितले, बाबा, कारकुनाच्या सवयीने आधी बारीक अक्षर वाच. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे अर्ध्या टक्क्याहून जास्त मद्यार्क असेल तरच पेय मद्य ठरते. त्यामुळे बिनदारूच्या नावाखालीही थोडा अंश असू शकतो. काही डब्यांवर ०.० असते, तिथे प्रश्न वेगळा. तरी नाव तेच, चव तीच आणि डबाही तसाच. दूरदर्शन संचावर दारूच्या जाहिरातीला बंदी आली, तेव्हा कंपन्यांनी त्याच नावाचा सोडा आणि पाणी दाखवायला सुरुवात केली, हे आपण पाहिले आहे. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला त्याच चवीची आठवण देणे किती धोक्याचे, हे ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनाच विचारा.

भाच्याला मी रागावले नाही. तो दारू पीत नाही, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्या डब्याच्या पैशांत चार जणांना उसाचा रस मिळतो. धडगावकडे आमचूर मोठ्या प्रमाणात तयार होते. त्यात गूळ, जिरे आणि मीठ घालून केलेले पाणी उन्हाळ्यात काय लागते! आपल्या बचत गटांनी स्टँडवर त्याची गाडी लावली तर बाहेरगावच्या डब्याला ते भारी पडेल.

महिला मंडळाच्या बैठकीत मी भगिनींना जमाखर्च मांडायला लावते. रोजचे ५० रुपये दारूला गेले तर महिन्याचे १,५०० आणि वर्षाचे १८,००० रुपये होतात. त्याच्या समोर मुलीची फी आणि वर्षातून एक प्रवास लिहून पाहा. कायद्यानेही हातात एक साधन दिले आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारू दुकानाबाबत मतदान घेता येते आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. अर्थात वरून आलेली बंदी वरून उठतेही. चंद्रपूरला २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. शेजारच्या गुजरातेत १९६० पासून बंदी आहे, तरी तिथला पिणारा हद्द ओलांडून आपल्याकडे येतोच. टिकते ते घरात ठरलेले.

म्हणून सुज्ञ वाचकांना विनंती आहे. मुलगी एकटी निघाली तर सोबतीला कोण, हा प्रश्न आधी विचारू नका. ती ज्या बसमध्ये, ज्या स्टँडवर, ज्या माणसांत बसणार आहे ती शुद्धीवर आहेत का, हे विचारा. आणि त्या माणसांत आपल्या घरचा कोणी असेल तर त्याच्यापासूनच सुरुवात करा.