रेकी आधी, पटकथा नंतर

फिल्मच्या विद्यार्थ्याचा आठवडा भरगच्च असतो. पटकथेचा तास, कॅमेरा आणि प्रकाशयोजनेचं प्रात्यक्षिक, साउंड, एडिटिंग. उरलेल्या वेळात स्वतःच्या शॉर्टफिल्मचं ब्रेकडाउन, शॉट डिव्हिजन, कास्टिंग, कॉल शीट. या सगळ्यात रेकीच्या, म्हणजे चित्रीकरणाची जागा आधी जाऊन पाहण्याच्या, वाट्याला अर्धा दिवस येतो, तोही शेवटी. ट्रायपॉड कुठे लावायचा, वीज कुठून घ्यायची, एवढं बघून मंडळी परत येतात. मी स्वतः फिल्मची विद्यार्थिनी आहे, आणि निफाड तालुक्यात शॉर्टफिल्म करायची तर हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. आधी रेकी, तीही किमान तीन दिवसांची. पटकथेचा पक्का खर्डा त्यानंतर.

याचं पहिलं कारण, इथलं काम कॅमेऱ्यासाठी थांबत नाही. द्राक्षाची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. कात्रीनं काडी एकदा कापली की त्या वेलीवर रिटेक नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा इतका उतरतो की मण्यांची फुगवण थांबते, तडे जाण्याची भीती असते. मग बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, ठिबकनं पाणी सोडतात. स्टुडिओत दिवे लावून की लाइट आणि फिल लाइट शिकलेल्या डोळ्यांना हा प्रकाश सर्वस्वी नवा आहे. तो खालून येतो, धुरात पसरतो, मांडवाच्या तारांवरून सरकतो आणि उजाडलं की विरतो. तेवढ्या वेळात वारा कुठून वाहतो, कोणत्या ओळीतून माणसं ये-जा करतात, हे आधी ठाऊक नसेल तर उत्तम कॅमेराही काही कामाचा नाही. लासलगावचा कांद्याचा लिलाव तर याहून वेगवान. ट्रॉल्या रांगेत उभ्या, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतो, आणि महिन्यांच्या कष्टांचा भाव काही क्षणांत ठरतो. वर्गात लिहिलेल्या पटकथेत हा प्रसंग दोन पानांच्या संवादांचा असतो. प्रत्यक्षात आकडे पुकारले जातात आणि शेतकरी फारसा बोलत नाही. तिथल्या गलक्यात लॅपल माइकवर अवलंबून राहता येत नाही. आसमंताचा आवाज वेगळा रेकॉर्ड करावा लागतो. हे एकदा उभं राहून ऐकलं की संवादांची दोन पानं आपोआप गळतात.

दुसरं कारण, वाट पाहणं हा सिनेमाचा भागच आहे, आणि याचा जुना पुरावा आमच्याच जिल्ह्याच्या माणसानं ठेवला आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’आधी, 1912 मध्ये, वाटाण्याच्या अंकुराची वाढ चित्रित केली. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून केलेला तो प्रयोग होता. त्यात ना राजा, ना राणी, ना संवाद. दिवसामागून दिवस एका रोपट्यासमोर कॅमेरा ठेवणं, एवढंच. ते रोप वाढेल त्या गतीनंच वाढणार होतं, आणि चित्रीकरणाचं वेळापत्रक त्यानं ठरवलं. द्राक्षबागेतल्या विद्यार्थ्याची स्थिती आजही नेमकी तीच आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो तंत्राचा. फाळक्यांना फिल्मचा फूट न् फूट मोजावा लागे. आता मोबाइलवर हवं तेवढं शूट करा, एडिटवर बघू. पण एडिटवर कापता येतं. पाहिलंच नाही ते आणता येत नाही. सहा तासांच्या फुटेजमधून पाच मिनिटं काढणाऱ्याला रेकीचे वाचवलेले तीन दिवस एडिट टेबलवर दामदुपटीनं भरावे लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतक्या तयारीनं प्रसंगातला जिवंतपणा मरतो, अचानक घडणारं निसटतं, असं म्हणतात. इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामींनी आपल्या पहिल्या लघुपटात, 1970 च्या ‘ब्रेड अँड अ‍ॅली’त, मुलगा आणि कुत्रा एकाच शॉटमध्ये हवेत असा हट्ट धरला. कॅमेरामनचा सल्ला होता तुकडे करण्याचा. त्या शॉटसाठी थांबावं लागलं, पण जे मिळालं ते तुकड्यांतून आलं नसतं. जो काय हवं ते ठरवून थांबतो, त्यालाच अचानक घडलेलं ओळखू येतं.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्याची गोष्ट आपल्याला माहीतच आहे, मग पाहायचं काय? या समजुतीतून निघालेल्या पटकथांचा शेवट आधीच ठरलेला असतो: कोसळलेला भाव, कर्ज, दोर. ते दुःख खरं आहे, म्हणूनच ते साच्यात ओतणं मला अन्याय्य वाटतं. नागराज मंजुळेंनी अहमदनगरला शिकत असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’त शाळेची ओढ असलेला पारधी पोर आहे. ते पोर समाजाच्या दुःखाचा नमुना म्हणून पडद्यावर येत नाही, स्वतःच्या इच्छेसकट येतं. अशी इच्छा वर्गात बसून सुचत नाही. रेकीच्या तिसऱ्या दिवशी, माणसं कॅमेऱ्याला विसरल्यावर, ती दिसू लागते.

म्हणून माझ्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार बागेसाठी आणि मार्केटसाठी आहेत. पहिल्या दिवशी फक्त साउंड रेकॉर्डर आणि वही; कॅमेरा दुसऱ्या दिवसापासून. शेकोटीपाशी बसलेल्या माणसावर फिल्म उघडायची की रिकाम्या ट्रॉलीवर, हा निर्णय मी सोमवारच्या पटकथेच्या तासापर्यंत मुद्दाम राखून ठेवला आहे.