केंब्रिजजवळचें लाल घर

परदेश पाहून आलेल्या प्रत्येक गृहस्थानें प्रवासवर्णन लिहिलेंच पाहिजे असा कांहीं शास्त्रार्थ नाहीं, असें मी माझ्या मित्रांना वारंवार सांगत आलों आहें. आज तेंच पाप माझ्या हातून घडत आहे, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. इ. स. २०१९ च्या उन्हाळ्यांत मी व माझी पत्नी मुलीकडे केंब्रिज येथें दोन महिने राहिलों. किंग्ज कॉलेजचें भव्य प्रार्थनामंदिर, कॅम नदींतील सपाट तळाच्या नावा, विद्यार्थ्यांच्या सायकली, यांचीं वर्णनें आपण पुष्कळ वाचलीं असतील. तीं मी पुन्हां करीत नाहीं. मला लिहावयाचें आहे तें एका सांगाड्याविषयीं आणि एका घराविषयीं.

सांगाडा आहे तेथील विद्यापीठाच्या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयांत. आंत जाण्यास पैसे पडत नाहींत, ही गोष्ट आमच्या मंडळींना विशेष पसंत पडली. प्रवेशाच्या काचेच्या दालनांत पाऊल टाकतांच डोक्यावर 'फिन' जातीच्या देवमाशाचा हाडांचा सांपळा टांगलेला दिसतो. लांबी सुमारें २१ मीटर. आमच्या गांवच्या जुन्या घराचा ओटा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी मिळूनहि एवढी लांबी भरणार नाहीं. हा प्राणी १८६५ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पेव्हन्सी येथें मृतावस्थेंत लागला, तेव्हां त्याला पाहण्यास हजारों लोक लोटले होते. "आजोबा, हा मासा नाही हं. ह्याची आई ह्याला दूध पाजते," असें माझ्या नऊ वर्षांच्या नातीनें मला बजावलें. मला मात्र तेथें रघुवंशाचा तेरावा सर्ग आठवला. पुष्पक विमानांतून परततांना श्रीराम सीतेला समुद्र दाखवितात, आणि हे तिमि जीवजंतूंसह नदीमुखाचें पाणी तोंडांत घेऊन, तोंड मिटून, मस्तकाच्या छिद्रांतून जलाचे प्रवाह उंच उडवितात असें सांगतात. हा भाग मीं अनेक वर्षें वर्गांत शिकविला, पण तिमि कसा असतो हें मुलांस कधीं नीट सांगतां आलें नाहीं. वर उडतो तो वास्तविक श्वास, पाणी नव्हे; परंतु पाणी जीवांसह तोंडांत घ्यावयाचें व जीव ठेवून पाणी सोडावयाचें, हें कवीनें अगदीं बरोबर टिपलें आहे. दांतांच्या जागीं कंगव्याच्या दात्यांसारख्या पट्ट्या असतात, त्यांतून पाणी गाळलें जातें.

माझें कुतूहल पाहून आमचे जांवई म्हणाले, "बाबा, देवमाशांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची कचेरी इथून जवळच आहे. आपली इच्छा असेल तर रविवारी जाऊं." आम्ही गेलों. जुन्या आगगाडीचे रूळ काढून त्या जागीं सिमेंटचे दोन पट्टे घातले आहेत व त्यांच्या कडेच्या आधारानें बस आपोआप सरळ धांवते. चालकानें चाकावरील हात काढला तरी चालतें असें कळल्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं डोळे मिटून घेतले ते उतरेपर्यंत उघडले नाहींत. हिस्टन व इम्पिंग्टन हीं जोडगांवें. एके काळीं येथें चिव्हर्स घराण्याचा मुरंब्याचा मोठा कारखाना होता. स्टेशन रोडवर थोडें चाललें कीं 'रेड हाऊस', म्हणजे लाल घर. १९७६ सालीं आयोगाची कचेरी केंब्रिजला आली, आणि आम्ही गेलों तेव्हां ती ह्या घरांत होती. रविवार असल्यामुळें दार बंद होतें. आम्हीं बाहेरूनच पाहिलें. सर्व जगांतील देवमाशांच्या जीवनमरणाचीं दप्तरें जेथें ठेविलीं आहेत ती जागा इतकी साधी असेल, असें मला वाटलें नव्हतें.

पुढील आठवडाभर मीं जांवयांकडून ग्रंथालयांतील पुस्तकें मागवून घेतलीं, आणि त्यांत जी एक हकीकत वाचली ती अशी.

डिसेंबर १९४६ मध्यें वॉशिंग्टन येथें देवमाशांच्या शिकारीचें नियमन करण्याचा करार झाला व त्यांतून हा आयोग निर्माण झाला. ज्यांनीं शिकार करावयाची त्यांनींच बसून मर्यादा ठरवावयाची, अशी ही रचना. दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांत एका हंगामांत किती जनावरें मारावयाचीं याचा जो आंकडा असे, तो 'निळा देवमासा एकक' ह्या मापानें ठरे: एक निळा देवमासा, किंवा दोन फिन, किंवा अडीच कुबडे, किंवा सहा सेई. हिशेब अर्थात् तेलाचा. प्रारंभीं मर्यादा होती १६,००० एककांची, आणि ती सर्व राष्ट्रांना मिळून होती. पंक्तींत एकंदर जिलब्या किती हें ठरवावें, पण पानागणिक किती हें ठरवूं नये, म्हणजे जें होईल तेंच तेथें झालें. जो तो अधिक नौका घेऊन अधिक वेगानें धांवूं लागला. १९३०-३१ च्या एकाच हंगामांत सुमारें २९,००० निळे देवमासे मारले गेले होते. १९५० नंतर निळे क्वचित् दिसूं लागले, आणि सर्व भार फिनवर पडला.

आयोगाजवळ शास्त्रज्ञांची समिति नव्हती असें नाहीं. ती होती, व पुष्कळांना संख्या घटत आहे हें दिसतहि होतें. परंतु ते शास्त्रज्ञ त्या त्या राष्ट्राचे. हॉलंडच्या पक्षाचें म्हणणें, घट सिद्धच झालेली नाहीं. एकानें इशारा द्यावा, दुसऱ्यानें पुरावा अपुरा म्हणावा, आणि मतभेद आहे या सबबीवर सर्वांनीं पुन्हां गलबतें हांकारावीं, असा क्रम चालला. शेवटीं १९६० सालीं एक निराळा उपाय ठरला. बाहेरचे तीन तज्ज्ञ आणावयाचे. त्यांच्या अंगीं गुण दोन हवेत: प्राण्यांच्या संख्येच्या वाढघटीचें गणित त्यांना उत्तम यावें, आणि ज्या देशांच्या नौका त्या समुद्रांत शिकार करतात, म्हणजे नॉर्वे, जपान, ब्रिटन, हॉलंड व रशिया, त्यांच्याकडून ते आलेले नसावेत.

हें वाचून मला स्मृतींतील साक्षिप्रकरण आठवलें. ज्याचा त्या व्यवहारांत अर्थसंबंध आहे, जो मित्र किंवा सहायक आहे, जो वैरी आहे, अशा कोणासहि मनूनें साक्षीदार म्हणून नाकारलें आहे. पुढें १९७२ सालीं अमेरिकेनें समुद्रांतील सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला, त्यांत तीन सदस्यांचा एक आयोग व त्याला सल्ला देणारी नऊ शास्त्रज्ञांची समिति सांगितली आहे. आणि आयोगाचा सदस्य ह्या प्राण्यांच्या शिकारींतून लाभ मिळवूं शकेल अशा स्थितींत नसावा, असें स्पष्ट लिहिलें आहे. मनु त्या कायदेपंडितांनीं वाचला असेल असें माझें म्हणणें नाहीं. मनुष्यस्वभाव सर्वत्र एकच, इतकेंच.

निवडलेले तिघे असे: अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे गणिती डग्लस चॅपमन, न्यूझीलंडचे मत्स्यतज्ज्ञ के. रॅडवे ॲलन, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेंतील सिडनी होल्ट. होल्ट जन्मानें इंग्रज. परंतु नोकरी कोणत्याहि राष्ट्राची नव्हे. पुढें जॉन गलंड हे चौथे त्यांना मिळाले. या मंडळींना देवमाशांमागें समुद्रांत हिंडण्याचें कारण नव्हतें. नॉर्वेंतील सांडेफ्यूर येथें शिकारीचे तपशीलवार आंकडे वर्षानुवर्षें सांठविलेले होते. नौकेच्या एका दिवसाच्या श्रमांत पूर्वीं किती जनावरें मिळत, आतां किती मिळतात, व मध्यंतरीं एकंदर किती मारलीं, एवढ्यावरून मूळची संख्या काढतां येते. आंब्याच्या झाडाखालीं राखणदार रोज तितकाच वेळ काढीत असेल, आणि टोपली रोज कमी भरत असेल, तर झाडावर किती उरले याचा अंदाज शहाणी गृहिणी घरांत बसून बांधूं शकते. त्याचेंच हें मोठें रूप. त्याशिवाय कानांतील मळाच्या गोळ्यावरील थरांवरून फिन देवमाशाचें वय कळतें, तोहि पुरावा त्यांनीं घेतला.

१९६३ सालीं त्यांनीं जें सांगितलें तें ऐकून सभेची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. निळे देवमासे त्या समुद्रांत फार तर दोन हजार उरले आहेत. निळ्यांची व कुबड्यांची शिकार अजीबात थांबवा, फिनची पुष्कळच कमी करा, आणि तें 'एकक' मोडून प्रत्येक जातीचा निराळा आंकडा ठरवा. तज्ज्ञ नेमतांनाच आयोगानें कबूल केलें होतें कीं, त्यांच्या निष्कर्षाशीं मर्यादा जुळवून घेण्याचें काम ३१ जुलै १९६४ पर्यंत पुरें करूं. आतां आयोगानें काय केलें? मर्यादा १५,००० होती ती १०,००० केली. वरवर पाहतां ही तिसऱ्या हिश्शाची कपात. परंतु तज्ज्ञांनीं तेथेंच सांगून टाकलें कीं, कितीहि धांवलांत तरी साडेआठ हजार एककांपलीकडे तुम्हांला मिळणारच नाहीं, व फिन मिळतील ते सुमारें १४,०००. हंगाम संपला तेव्हां फिन मिळाले ते १४,००० ला अवघे शें-दीडशें कमी. माझ्या सबंध शिक्षकी आयुष्यांत एखाद्या मुलाचे गुण मीं इतके अचूक आधीं सांगितले नाहींत.

तरीहि १९६४ च्या सभेंत मर्यादेवर एकमत झालें नाहीं. कबुलीची तारीख येऊन गेली. १९६५ सालीं खास सभा भरली आणि तेव्हां कोठें मर्यादा ४,५०० वर आली. निळ्यांना पूर्ण अभय मिळावयासहि अशींच दोन-तीन वर्षें गेलीं. 'एकक' मोडावयास १९७२ साल उजाडलें. जीं दोन-तीन वर्षें सभागृहांत घासाघीस करण्यांत गेलीं, तीं तिकडे समुद्रांत कशीं गेलीं असतील तें सांगावयास नको. पुढें चॅपमन हे आयोगाच्या शास्त्रीय समितीचे अध्यक्ष झाले, हें मात्र आयोगाच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

ह्या कथेला एक शेपूट आहे व तें आपल्या अंगणांतलें आहे. १९९३ पासून रशियन शास्त्रज्ञ ॲलेक्सी याब्लोकोव्ह व इतरांनीं उघड केलें कीं, त्यांच्या देशाच्या नौका खोटे आंकडे कळवीत असत. दक्षिण गोलार्धांत सुमारें ४८,००० कुबडे देवमासे मारले असतां कळविले होते ते २,७०० च्या आसपास. म्हणजे तज्ज्ञांच्या हातीं दिलेल्या वहींतच कांहीं पानें खोटीं होतीं. नोव्हेंबर १९६६ मध्यें ह्याच नौकांनीं ओमान, पाकिस्तान व वायव्य हिंदुस्थानच्या किनाऱ्यांसमोर आपल्या अरबी समुद्रांत सुमारें २४० कुबडे मारले. ही अरबी समुद्रांतली जात इतरांसारखी ध्रुवाकडे जात नाहीं, बाराही महिने येथेंच राहते, आणि आज ती अगदीं थोडी उरली आहे. कोंकणांत माझें सारें आयुष्य गेलें, पण हें मला इम्पिंग्टनला जाऊन कळलें.

आतां थोडें स्वतःविषयीं. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं एका शिक्षणसंस्थेनें संस्कृतच्या शिक्षकाची निवड करण्यासाठीं मला बाहेरचा तज्ज्ञ म्हणून बोलाविलें होतें. मी पदवीनें केवळ मॅट्रिक. पण पाठशाळेंत घोटलेल्या व्याकरणामुळें तो मान मिळाला. पांच उमेदवारांत एक तरुण बाई होत्या. त्यांनीं फळ्यावर समास असा उलगडून दाखविला कीं, मीं मनांतल्या मनांत त्यांना नमस्कार केला. पहिलें नांव त्यांचें, असें मीं सांगितलें. चहा झाला, फराळ झाला, आणि मग टंकलिखित यादी समोर आली. तींत पहिलें नांव एका चालकाच्या नातलगाचें होतें. "गुरुजी, तुमचें मत आम्हीं लक्षांत घेतलेंच आहे," असें कोणीतरी गोड स्वरानें म्हणालें. शेवटची एस्. टी. साडेपांचाची होती. मीं सही केली.

ही गोष्ट मीं घरीं कधींच सांगितली नव्हती. त्या आठवड्यांत एके संध्याकाळीं मुलगी भाजी निवडीत बसली होती, मी तिला चॅपमन-होल्टांची हकीकत सांगत होतों, आणि बोलतां बोलतां तीहि सांगून गेलों. ती क्षणभर थांबली.

"बाबा, त्या बाईंना मग पुढे कुठे नोकरी लागली?"

"ठाऊक नाहीं ग. मीं कधीं चौकशीच केली नाहीं."

ती पुन्हां भाजी निवडूं लागली. नात आंतून धांवत आली व तिनें संग्रहालयांतल्या सांगाड्याचें काढलेलें चित्र माझ्या मांडीवर ठेवलें. त्याच्या बरगड्या किती काढूं, असें ती विचारीत होती.