चाकातली तक्रार

गेल्या वर्षी ऐन आषाढात आमच्या मोटारीच्या पुढच्या चाकातून एक बारीक, कानाला टोचणारा आवाज येऊ लागला. सांगलीच्या मार्केट यार्डातील पेढीपासून घरापर्यंतचा रस्ता जेमतेम पंधरा मिनिटांचा. पण तेवढ्यातही तो आवाज शेजारी बसलेल्याला अस्वस्थ करून सोडी. सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी तो माझ्या कानावर घातला. ‘पावसाळा आहे, ओल धरली असेल,’ असे म्हणून मी विषय मिटविला.

माझे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. पुढच्या चाकामागे बिडाची एक चकती असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो आणि सकाळचे पहिले तीन-चार ब्रेक लागेपर्यंत ती कुरकुरते. मग थर पुसला जातो, आवाजही थांबतो. आमचा आवाज मात्र दुपारी येई, संध्याकाळी येई, ब्रेक न दाबताही येई. हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता असे नाही. तो ध्यानात घ्यायचा नव्हता, इतकेच. एकदा बॅटरी घेऊन चाकाच्या फटीतून डोकावलो. बाहेरचा पॅड चांगला जाड दिसला. तेवढ्या पुराव्यावर मी निर्धास्त झालो आणि गाडीतल्या गाण्यांचा आवाज वाढविला. असे तीन आठवडे गेले.

पुढे थोरल्या ताईच्या नातवाच्या बारशासाठी रत्नागिरीला जाण्याचे ठरले. आईवडिलांना घेऊन कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरायचा होता. यार्डातील एका शेजारी व्यापाऱ्याने सल्ला दिला, ‘दोन थेंब तेल सोडा शेटजी, गप्प बसेल.’ निघण्याला दोन दिवस उरले असताना मी शिलाई यंत्राच्या तेलाची कुपी घेऊन चाकापाशी बसलो. तेवढ्यात पुतण्या आला. तो यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला आहे आणि सुट्ट्यांत एका गॅरेजमध्ये हाताखाली काम करून आला आहे.

“काका, थांबा! डिस्कवर तेल गेलं तर आवाज जाईल, पण ब्रेकही जाईल. पॅड धरणार कशाला?”

माझा हात जागच्या जागी थबकला. पाठीमागे अंगणात अण्णा खुर्चीवर बसले होते. परवा हेच अण्णा माझ्या मागच्या सीटवर बसून घाट उतरणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याने सपाट फरशीवर गाडी उभी केली, हातब्रेक ओढला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल केले. जॅकने गाडी उचलल्यावर खाली भक्कम लोखंडी स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हे त्याने मला दोनदा बजावले. चाक काढून त्याने कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडला, कॅलिपर वर फिरवून तारेने बांधला, म्हणजे ब्रेकच्या नळीवर ताण येऊ नये. तोंडाला रुमाल बांधून पॅड बाहेर काढले. पॅडची भुकटी छातीत जाऊ नये म्हणून ती फुंकरीने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

दोन पॅड त्याने माझ्या हातावर ठेवले. बाहेरच्या पॅडचा थर 6 मिलिमीटर होता. आतल्याचा जेमतेम 2. नवा पॅड साधारण 10 मिलिमीटरचा असतो आणि 3 उरले की बदलायचा, असे तो म्हणाला. आतल्या पॅडला पोलादाची एक चिमुकली पट्टी होती. तिचे टोक घासून चकाकत होते.

“काका, आवाज हिचा होता. ही मुद्दामच बसवलेली असते. पॅड संपत आला की डिस्कला टेकते आणि ओरडते.”

म्हणजे ज्याला मी तीन आठवडे बिघाड समजत होतो, ती पूर्वसूचना होती. कॅलिपर ज्या पिनेवर सरकतो तिचे रबर फाटून आत पाणी शिरले होते. पिन गंजून अडकली आणि सगळा भार आतल्या पॅडवर पडला. बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसणे शक्यच नव्हते.

अण्णांनी दोन्ही पॅड हातात घेऊन निरखले. चाळीस वर्षे त्यांनी पेढीवर पोकळ सळई पोत्याच्या पोटात खुपसून मधला माल काढून पाहिला आहे. ते एवढेच म्हणाले, “वरची मूठ बघून पोतं घेतोस होय रे तू?”

मग पिन घासून स्वच्छ केली, ब्रेकसाठीचे उष्णता सोसणारे ग्रीस लावले, नवे रबर चढविले. ग्रीसचा थेंबही पॅडच्या घासणाऱ्या बाजूला लागू दिला नाही. ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवून पिस्टन हळूहळू आत दाबला. डिस्कची जाडी तिच्यावरच कोरलेल्या किमान मापापेक्षा जास्त असल्याची खात्री केली. एका चाकाचे पॅड बदलले की दुसऱ्याचेही बदलायचे, नाहीतर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते. म्हणून चारही नवे घातले. गाडी हलविण्यापूर्वी ब्रेकचे पायडल घट्ट लागेपर्यंत दाबून घेतले आणि मोकळ्या रस्त्यावर हलके ब्रेक मारीत नवे पॅड बसवून घेतले. या कामाची सवय नसेल त्याने ते जाणत्याच्या हाताखालीच करावे. आणि आवाज घरघरीचा असेल, तर लोखंडावर लोखंड घासते आहे असे समजून गाडी हलवूच नये.

आंबा घाटात धुके दाटले होते. उतार लागताच अण्णांनी काचा खाली करायला सांगितल्या. वळणावळणाला मी ब्रेक दाबीत होतो आणि आम्ही सारेच कान देऊन बसलो होतो. पावसाचा आणि झऱ्यांचाच काय तो आवाज येत होता.

जयसिंगपूरचे एक जुने गिऱ्हाईक त्या महिन्यात तीनदा म्हणाले होते की, आमच्या हळदीच्या पोत्याचा तळ ओलसर लागतो. तिन्ही वेळा मी चहा पाजून, गोड बोलून त्यांना वाटेला लावले होते. रत्नागिरीहून परतल्यावर सोमवारी सकाळी मी गोदामात गेलो आणि थप्पीचे सर्वांत खालचे पोते बाहेर ओढायला लावले. त्यांचे म्हणणे खरे होते. त्याच दिवशी त्यांना फोन केला आणि माल बदलून दिला.