परवलीचा शब्द बरोबर होता

नकाराचे दोन प्रकार असतात. एक रोखठोक, ‘तुमचे काम होणार नाही’ असे तोंडावर सांगणारा. दुसरा मुका. तो आपल्याला आत घेतो आणि क्षणात पुन्हा उंबऱ्याबाहेर आणून उभे करतो, पण कारण सांगत नाही. पहिल्याचा राग येतो. दुसऱ्याने माणूस बावरून जातो. हा दुसरा प्रकार पुष्कळांनी कचेऱ्यांतून अनुभवला असेल. मला तो घरच्या संगणकाने शिकवला.

आमचा संगणक जुना. त्यावर पूर्वी विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याला मिळणारा नेहमीचा आधार थांबला, आणि विंडोज ११ साठी लागणाऱ्या अटींत आमचे यंत्र बसेना. तेव्हा दिवाळीला आलेल्या मावसभावाने त्यावर लिनक्स घालून दिले. १९९१ साली हेल्सिंकी विद्यापीठातील लिनस टोर्वाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ज्याचा गाभा लिहायला घेतला, तेच हे लिनक्स. फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते.

याच संगणकात आईच्या बचत गटाची वही आहे. चौदा बायका, प्रत्येकीचे दरमहा दोनशे रुपये, आणि तीन वर्षांचा जमाखर्च. निम्म्या बायका मराठी बोलणाऱ्या, निम्म्या कन्नड. म्हणून नावांचे रकानेही दोन. बी. कॉम. करणारा मुलगा घरात असताना हिशेब दुसरे कोण लिहिणार? सोमवारी बँकेत कर्जाच्या अर्जासोबत तो हिशेब द्यायचा होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी संगणकाने आम्हांला दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली.

परवलीचा शब्द टाईप करावा, पडदा क्षणभर काळा व्हावा, आणि पुन्हा तेच नाव विचारणारे पान समोर यावे! प्रथम शंका आली ती कळफलकाची. आमच्याकडे इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशा तीन लिप्यांची सोय आहे. पण कोपऱ्यात इंग्रजीचीच खूण होती. मग मी मुद्दाम चुकीचा शब्द घालून पाहिला. तेव्हा मात्र ‘शब्द चुकला’ असे स्पष्ट उत्तर आले! बरोबर शब्दाला काहीच उत्तर नाही, नुसती परतपाठवणी. म्हणजे यंत्र मला ओळखत होते. पण घरात घेत नव्हते.

दुरुस्तीच्या दुकानात विचारले, तर “फॉरमॅट करावा लागेल, आतल्या फायलींची हमी नाही” असे ऐकायला मिळाले. आई काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, “अरे, त्या बायकांना मी काय सांगू?” त्यांपैकी एकीला त्या कर्जातून शिलाई यंत्र घ्यायचे होते, हे मला ठाऊक होते.

शेवटी मी वरच्या मजल्यावरच्या अण्णांना हाक मारली. अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. घरात कन्नड, आमच्याशी बेळगावी मराठी. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, “गाबरी आगब्याड, तम्मा. ह्या घराला आणखी एक दार आहे.”

त्यांनी कंट्रोल, आल्ट आणि एफ ३ या तीन कळा एकदम दाबल्या. चित्रांचे पान नाहीसे झाले आणि काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे आली. तिथेही नाव आणि परवलीचा शब्द विचारला. तोच शब्द घातला, आणि आश्चर्य म्हणजे आम्ही सरळ आत गेलो! परवलीचा शब्द बरोबर होता, याचा हा पुरावाच.

अण्णांनी समजावून सांगितले ते असे. शब्द तपासणे हे दारावरच्या रखवालदाराचे काम. आत बैठक मांडणे हे दुसऱ्या कुणाचे. बैठक मांडताना यंत्राला आपल्या घरात काही बारीक फायली लिहाव्या लागतात. त्या लिहिता आल्या नाहीत, तर बैठक मोडते आणि माणूस पुन्हा दारात येतो. मग त्या फायली का लिहिता येत नव्हत्या? फाईल भलत्याच्या मालकीची झालेली असते, चित्र दाखवणारी आज्ञावली बिघडलेली असते, किंवा साधी गोष्ट, जागाच उरलेली नसते.

अण्णांनी ‘डीएफ’ ही आज्ञा दिली. उत्तर आले : एकूण जागा ४९ जीबी, वापरलेली ४७, शिल्लक शून्य, भरणा शंभर टक्के.

इथे माझ्यातला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी जागा झाला. एकोणपन्नासातून सत्तेचाळीस गेले, तर शिल्लक शून्य कशी? ताळा जमत नव्हता. अण्णा हसले. ही प्रणाली सहसा पाच टक्के जागा यंत्राच्या मुख्य कारभाऱ्यासाठी राखून ठेवते. सामान्य वापरकर्त्याला तिला हात लावता येत नाही. अडीअडचणीला कारभाऱ्याला आत येऊन दुरुस्ती करता यावी म्हणून. अहो, ही तर गंगाजळी! जी गोष्ट वर्गात परीक्षेपुरती पाठ केली होती, ती इथे आमच्या उपयोगी पडली.

मग कोणत्या कप्प्यात किती भरले आहे, याची मोजदाद केली. प्रणालीच्या छायाप्रती काढून ठेवणारा एक कार्यक्रम ठरल्या वेळी निमूटपणे प्रती काढत होता. बदललेल्या फायलींनाच नवी जागा लागते. पण मोठमोठ्या सुधारणा उतरत गेल्या, तशी प्रत्येक प्रत फुगत गेली. त्या जुन्या प्रतींनीच घर भरले होते.

मी लगेच त्या पुसायला निघालो, तर अण्णांनी हात धरला. “आधी वही बाहेर काढ. साफसफाई नंतर.” पेनड्राइव्ह जोडून आम्ही बचत गटाची फाईल त्यावर उतरवली, आणि मगच दोन प्रती ठेवून बाकीच्या काढून टाकल्या. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. शब्द घातला; पडदा काळा झाला, आईने श्वास रोखला, आणि ओळखीचे चित्र समोर आले.

पण एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. त्या छायाप्रती प्रणालीच्या असतात. माणसाच्या स्वतःच्या फायली त्यांत, वेगळे सांगितल्याशिवाय, घेतल्याच जात नाहीत. म्हणजे गच्च भरलेल्या त्या कोठारात आईच्या वहीची एकही प्रत नव्हती! फॉरमॅटला हो म्हटले असते, तर चौदा जणींचा तीन वर्षांचा हिशेब गेला असता, आणि तोही जागा अपुरी पडली एवढ्याच कारणासाठी.

आपल्या सीमाभागात एका खिडकीवर मराठीत अडलेले काम कन्नडमध्ये दोन वाक्ये बोलताच पुढे सरकते, आणि कन्नड मित्राचे काम मराठीने. माणूस तोच, नाव तेच. दार तेवढे वेगळे. संगणकाच्या बाबतीतही असे असेल, हे मात्र मला त्या शुक्रवारपर्यंत कळले नव्हते. आता अक्षरांच्या त्या काळ्या पडद्याची भाषा मी शिकतो आहे. रोज एक आज्ञा, अण्णांच्या देखरेखीखाली.

सोमवारी हिशेब बँकेत पोहोचला. महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीची प्रत आता पेनड्राइव्हवर उतरते, आणि तो पेनड्राइव्ह आई रेशनकार्डाच्या डब्यात ठेवते. तो डबा आमच्या घरात कधीच हरवलेला नाही.