लांकडी गांव

नाशिक म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें रामकुंड उभें राहतें. यात्रेकरूंचें स्नान होतें, काळारामाचें दर्शन होतें आणि मंडळी त्र्यंबकेश्वरास निघून जातात. गंगेच्या उजव्या तीरावरील जुनें गांव पाहावयास कोणी थांबत नाहीं. आम्हीं स्वतः याच गांवांत जन्मून तें साठी उलटल्यावर पाहिलें, आणि तेंही नॉर्वे देशांतलें दुसरें एक गांव पाहून आल्यावर; ही कबुली आधींच दिलेली बरी.

गेल्या ज्येष्ठांत कन्येकडे गेलों असतां जामातांनीं आम्हांस बर्गेन येथें नेलें. समुद्राच्या खाडीवर ब्रिग्गेन नांवाचा जुना धक्का आहे. तेथें तांबड्या-पिवळ्या लांकडी इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. जर्मनीच्या हॅन्सा व्यापाऱ्यांनीं सुमारें १३६० पासून १७५४ पर्यंत येथें पेढी चालविली. व्यवहार सुक्या मासळीचा. वास आतां मुळींच नाहीं, तरी आमच्या सौभाग्यवतींनीं नाकाला पदर लावूनच सारा इतिहास ऐकला. १७०२ च्या आगींत हा धक्का जळाला, आणि लोकांनीं जुन्याच आराखड्यावर पुन्हां लांकडी घरें उभारलीं. १९५५ च्या आगींतही एक भाग गेला. उरलेल्या ६२ इमारती १९७९ पासून जागतिक वारशांत गणल्या जातात. आम्हांस नवल वाटलें तें तेथील एका जुन्या नियमाचें. लांकडी घरांत विस्तव न्यावयाचा नाहीं! त्या थंडींत माणसें कुडकुडत निजत. स्वयंपाक व शेकोटी मागील बाजूच्या निराळ्या घरांत. आमच्या आजीची चूल तर सागाच्या तुळईखालीं साठ वर्षें पेटत होती. धुरानें तुळई काळी झाली, पण वाळवी तिला शिवली नाहीं.

परत आल्यावर एके दिवशीं सकाळींच आम्ही सरकारवाड्यापाशीं जाऊन उभे राहिलों. पेशव्यांचा हा वाडा १८१८ मध्यें इंग्रजांच्या हातीं गेला. आज तो शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. काळ्या दगडाचें जोतें आणि वर कोरीव लांकडी काम. तेथून भांडीबाजार, दहीपूल, तिवंधा अशा गल्ल्या चढत-उतरत जावें. नाशिक नऊ टेकांवर वसलें आहे असें आपले वडील सांगत, त्याची साक्ष गुडघे देतात! मान वर करून चालणारास अजूनही सज्जे दिसतात, सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब दिसतात, त्यांच्या माथ्यावर उलट्या लोंबत्या केळफुलांची नक्षी दिसते. पेठ-सुरगाण्याचीं रानें जवळ असल्यामुळें सागाची वाण नव्हती. तिवंध्यास तर पेशवेकालीन रहाड आहे. रंगपंचमीस लोक तिच्यांत उड्या घेतात. एरव्हीं वर्षभर तिच्यावरून सारें गांव जात-येत असतें.

बर्गेनचा वैरी अग्नि, तर आमचा पाणी. दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अवयवापर्यंत पाणी चढलें यावरून आम्ही पूर मोजतों. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर सराफ बाजारापर्यंत आले. परंतु पूर येतो तसा ओसरतोही; ओल मात्र ओसरत नाहीं. ब्रिग्गेनच्या पायाखालचीं जुनीं लांकडें पाण्यांत बुडून होतीं, म्हणूनच तीं टिकलीं. शेजारच्या नव्या बांधकामामुळें जमिनींतलें पाणी खालीं गेलें, तसें तें लांकूड कुजूं लागलें आणि घरें खचूं लागलीं. मग पाणी पुन्हां जमिनींत मुरविण्याची व्यवस्था करावी लागली. आपल्याकडे न्याय उलटा. आपला खांब दगडी तळखड्यावर कोरडा उभा राहावयाचा. आमच्या गल्लींत दर कांहीं वर्षांनीं थरावर थर पडून रस्ता इतका उंच झाला कीं पुढच्या ओसरीचे तळखडे त्याच्या पातळीखालीं गेले. आतां पावसाळ्यांत ते ओलींतच असतात.

हें आम्हांस कळलें तें आमच्याच वाड्यांत. अकरा वारस, एक वाडा, आणि पाडून इमारत बांधूं म्हणणाऱ्याचा एक कागद. दहांनीं सह्या केल्या आहेत. पावसाळ्यापूर्वीं धोकादायक घर म्हणून नोटीसही येऊन गेली. आम्हीं जुन्या कामाची माहिती असलेला एक सुतार नेला. त्यानें पटाशीनें खांब टोचून पाहिला आणि म्हणाला, "खालचा वीतभर गेलाय गुरुजी, वरचा शंभर वर्षें हलत नाहीं. कुजलेलं कापून नवा साग सांधतां येईल." आम्हीं हर्षभरानें ही वार्ता माडीवर राहणाऱ्या चुलतबंधूंस सांगितली. ते म्हणाले, "दादा, तुम्ही फ्लॅटमध्यें राहतां. पाणी माझ्या अंथरुणावर पडतं."

त्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. बर्गेनचीं छायाचित्रें दाखविण्यासाठीं खिशांतून काढलेला मोबाईल आम्हीं तसाच परत ठेवला.

कागद अजून आमच्या मेजावर आहे. दिवाळीपर्यंत मुदत मागितली आहे. चार खांबांचें माप घेऊन सुतार गेला. माडीवरच्या छताचा अंदाज आधीं दे, खांबांचा मागाहून, असें त्यास बजावलें आहे.